बिनसुतकाचं घर

पत्र्याचं घर फार बोलकं असतं. ज्यांनी त्यात दिवस काढले नाहीत त्यांना हे पटायचं नाही. सकाळी उन्हं चढायला लागली की डोक्यावरचा पत्रा टकटक करत अंग पसरतो, संध्याकाळी गार वारा सुटला की तेच अंग पुन्हा आवरून घेतो, आणि मधल्या वेळात एखादी चिमणी जरी वर येऊन बसली तरी तिची नखं खाली ऐकू येतात. आमच्या माळावर अशा खोल्यांची एक लांब ओळ होती, एकीला एक चिकटलेली, मधली भिंतही पत्र्याचीच. शेजारच्या सखूकाकूने कूस बदलली की इकडे आमची ताटली थरथरायची. ते दिवस आठवायला बसलं की मला आधी माणसं आठवत नाहीत, हा आवाज आठवतो. मग त्या आवाजातून हळूहळू धुकं वर येतं, धुक्यातून चुलींचा धूर, आणि धुरातून आई. भिंतीकडे तोंड करून निजलेली.

मागे ती मोठी साथ येऊन गेली, त्यानंतर आमच्या सातपूरच्या कॉलनीत काही मुली यायच्या. चांगल्या मुली, गोड बोलायच्या. हॉलमध्ये खुर्च्या गोल मांडायच्या आणि म्हणायच्या, आजी, मनातलं बोला, मोकळ्या व्हा. आमच्या इमारतीतलीच किती माणसं गेली होती, आणि तेव्हा कुणाच्या दारात जाऊन बसायचीही सोय नव्हती. बायका यायच्या, खुर्चीवर टेकायच्या, पदर चाचपायच्या आणि उठून जायच्या. एका मुलीने मला विचारलं, "आजी, तुमच्या लहानपणी असं काही झालं की तुम्ही लोक काय करायचात?" मी म्हटलं, "बाळा, कढई ठेवायचो." ती नुसती हसली. तिच्या मागे अजून दोन कॉलन्या होत्या, तिला घाई होती, आणि मला थोडक्यात सांगायची सवय नाही. म्हणून तेव्हा राहिलेलं आता इथे सांगते.

आमची वस्ती दिंडोरीपासून आत, ओढ्याच्या काठाने. तेव्हा त्या भागात आजच्यासारख्या द्राक्षाच्या बागा नव्हत्या. बाजरी, भुईमूग, कुठे थोडा ऊस. ओढ्याच्या वरच्या अंगाला पाझर तलाव होता, भादव्यात तो तुडुंब भरायचा आणि आम्ही पोरं त्याच्या सांडव्याखाली खेकडे धरायला जायचो. त्या वर्षी भादव्यातल्याच एका दुपारी, चांगलं लख्ख ऊन पडलेलं असताना, त्याचा बांध फुटला. आई आणि मी दिंडोरीच्या बाजाराला गेलो होतो. आबा, म्हणजे माझे वडील, वरच्या शेतात होते. घरी आजी होती, आणि तिच्या मांडीला माझा धाकटा भाऊ किसू. नुकता पळायला शिकलेला, एका जागी न ठरणारा. आम्ही परत आलो तर वस्तीच्या जागी पाणीसुद्धा नव्हतं. पाणी येऊन गेलं होतं. नुसता चिखल होता, त्यावर उन्हं उतरली होती, आणि तो चिखल इतका गुळगुळीत होता की कुणी नुकतंच सारवून, हात धुवायला गेलं आहे असं वाटावं. आईच्या डोक्यावर बाजाराची पाटी होती. ती पाटी तिने किती तरी वेळ खाली ठेवलीच नाही.

कुणाच्या घरचं कोण गेलं ते मी इथे मांडत बसत नाही. एवढंच सांगते, घर एकही सुटलं नाही. कुणाचा म्हातारा, कुणाची बाळंतीण, कुणाचा लग्न ठरलेला मुलगा. आमच्या घरची दोघं. सखूकाकूचा नवरा. ही सखूकाकू आमच्या भावकीतली, आईची थोरली जाऊ लागायची; आई तिला आक्का म्हणायची आणि ती आईला पारू. नाकात मोठी नथ, तोंडात मिसरी, आणि वस्तीतल्या सगळ्या रीती-भाती तिच्या जिभेवर. पाचवीला काय करायचं, पाटावर कोण आधी बसायचं, कुणाला विचारायचं तर सखूकाकूला. नवरा गेल्यावर तिने नथ काढून ठेवली तेवढीच. जीभ काही खाली ठेवली नाही, आणि ते बरंच झालं.

सरकारने वरच्या माळावर पत्र्याच्या खोल्या घालून दिल्या. घोंगड्या मिळाल्या, धान्य मिळालं, पोरांना सुकडी मिळायची, गोडसर पिठाची, तिचा बकाणा भरला की टाळूला चिकटून बसायची आणि बोलता यायचं नाही. अजून कधी घशाशी आवंढा आला तर मला सुकडीचीच चव येते. देणारे लोक वाईट नव्हते. पोटाला मिळत होतं, डोक्यावर पत्रा होता. आबा आणि बाकीचे पुरुष दिवसभर खाली जाऊन शेतातला गाळ उपसायचे. त्या गाळातून काय काय वर यायचं. एकदा पितळेचा तांब्या निघाला, आतमध्ये झाकलेलं पाणी तसंच. तो कुणाचा हे सगळ्यांना माहीत होतं, पण घ्यायला त्या घरचं कुणी पुढे होईना. कितीतरी दिवस तो बांधावर उन्हात चमकत बसला होता, सगळे त्याला वळसा घालून जायचे.

आणि स्वप्नं. हे मी कुणाला सांगितलं तर लोक म्हणतील म्हातारी रचून सांगते. पण त्या थंडीत आमच्या माळावरच्या सगळ्या बायकांना एकच स्वप्न पडायचं. ती खालची वस्ती, जशीच्या तशी, पाण्याखाली. पाणी हिरवट, उन्हात धरलेल्या काचेच्या बांगडीसारखं, आणि त्यात घरं शाबूत, चुली पेटलेल्या, धूर सरळ वर येऊन पाण्याला टेकलेला. माणसं आपापली कामं करताहेत. सकाळी पाण्याच्या पिंपाजवळ धुक्यात बायका हंडे घेऊन उभ्या राहायच्या आणि एकमेकींना निरोप दिल्यासारखं सांगायच्या. "काल तुझा सासरा दिसला गं. तंबाखू मळत होता." "काय बोलला का?" "नाय. पण बरा होता तब्येतीनं." मग जिचा सासरा ती तोंडाला पदर लावायची, तिला बरं वाटायचं. किसूही पुष्कळ जणींच्या स्वप्नात यायचा. कुणाला शेळीच्या मागे पळताना दिसायचा, कुणाला आजीच्या पाठीवर. फक्त आईच्या स्वप्नात तो आला नाही. आईला झोपच लागत नव्हती, तर स्वप्न कुठून पडणार? ती दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायची आणि बायकांनी सांगितलेलं ऐकायची. भाकरी समोर ठेवली तर चतकोर खायची, तीही मी हातात धरून बसले तर. बोलणं म्हणजे "हं" आणि "नको". केस मी विंचरायचे तिचे, आणि फणीत इतके केस यायचे की मी ते गुपचूप चुलीत टाकायचे.

आम्ही पोरं मात्र खेळायचो. काय खेळायचो? तर तलाव-तलाव. एकाने पाणी व्हायचं, बाकीच्यांनी घरात बसल्यासारखं बसायचं, कुणी भाकरी थापायची, कुणी बाळ निजवायचं, आणि मग पाणी झालेला पोरगा ओरडत यायचा आणि सगळ्यांना लोळवायचा. जो सगळ्यात शेवटी हलेल तो जिंकला. सखूकाकूने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हातातली काठी घेऊन धावली. "मेल्यांनो, खेळ काय हाय का हा? आयाबापांच्या जखमांवर नाचता!" आम्ही पळालो, आणि ओळीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पुन्हा तेच सुरू केलं. तिथे धुरपदाआजीचा आडोसा होता.

ही धुरपदाआजी वस्तीतलीच, पण कायम वस्तीच्या कडेला. तरुणपणी नवऱ्याने टाकलेली, मूलबाळ नाही, आईबापामागे राहिलेल्या खोपटात चार शेळ्या घेऊन राहायची. हळदीकुंकवाला तिला बोलावणं नसे, लग्नाच्या अक्षता तिच्या दारापर्यंत जात नसत. माळावर खोल्या वाटल्या तेव्हाही, एकट्या बाईला कशाला खोली, म्हणून तिला मिळाली नाही. उरलेले दोन पत्रे टेकवून तिने आडोसा केला आणि कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही वाटलं, मी पोर होते. तर ती शेळीला पाला घालता घालता आमचा खेळ बघत बसली. ओरडली नाही. खेळ संपून आम्ही सगळे चिखलात मेल्यासारखे पडलो, तेव्हा म्हणाली, "मग? आता बाहेर कोण काढणार यांना?"

"कुणी नाय. मेले सगळे," पाणी झालेला पोरगा म्हणाला.

"आरं वा! मेले म्हणं. उठ, हे घे." तिने जुन्या लुगड्याचा एक लांब पट्टा फाडून त्याच्या हातात दिला. "पाण्यानंच काढायचं. आणलं कुणी? तू. मग काढायचं कुणी? तूच. एकेकाला वढ. आणि सगळे निघाल्याबिगर खेळ सपायचा नाय, सांगून ठिवते."

तेव्हापासून तो खेळ लांबला. पाडायला एक क्षण लागायचा आणि ओढून काढायला सगळी दुपार जायची. पण हसू यायला लागलं त्यात. एक जाडा पोरगा होता, त्याला ओढताना पाण्याचीच पाठ मोडायची.

आता कढईचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या वस्तीत रीत अशी होती, की ज्या घरात माणूस गेलं त्या घराने आपणहून चुलीवर कढई ठेवायची नाही. भाकरी, कालवण, पिठलं सगळं करावं, पण तळण नाही. तळण नाही म्हणजे सण नाही, आणि सण नाही म्हणजे ते घर अजून दुःखात आहे. ही बंदी मोडायची ती दुसऱ्या घरच्या बाईने, जिच्या घरात सुतक नाही तिने. तिने यायचं, आपल्या हाताने कढई चुलीवर ठेवायची, गुळाच्या पाण्यात भिजवलेल्या कणकेच्या पुऱ्या तळायच्या आणि पहिला घास त्या घरच्या बाईच्या तोंडात घालायचा. आणि ही बाई पाहुणी चालत नसे. वस्तीतलीच पाहिजे. कारण जिने कढई ठेवली तिच्यावर पुढचं वर्षभर त्या घराची जबाबदारी. रोज एकदा दारात डोकवायचं, "आज काय शिजवलं गं?" म्हणून विचारायचं. काहीच शिजवलं नाही म्हणाली तर आत शिरून भांडी वाजवायची. पाहुणी काय, रात्र काढून निघून जाते. आता माझी सून बिनतेलाच्या यंत्रात भजी करते आणि मी मुकाट्याने खाते, पण तिला मी एकदा म्हटलं, अगं, याच्यावर कुणाचं सुतक काढता येईल का? ती म्हणाली, आई, तुमचं काहीतरीच.

तर आली ना पंचाईत! सगळ्या घरांत सुतक. कढई कुणी कुणाच्या चुलीवर ठेवायची? दिवाळी आली. खालच्या गावांतून फटाक्यांचे आवाज येत होते, रॉकेलच्या चिमण्या नेहमीसारख्याच मिणमिणत होत्या, आणि आमच्या माळावर सगळ्या घरांत बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी. बायका दारात बसून राहिल्या. जी ती दुसरीच्या दाराकडे बघत होती, आणि जिच्याकडे बघावं तीही तिसरीकडे बघत होती. पिंपाजवळ सखूकाकू म्हणाली, "काय करावं गं बायांनो? अख्ख्या वस्तीत बिनसुतकाचं घर राहिलं नाय."

मी हंडा धरून उभी होते. मी म्हटलं, "धुरपदाआजी हाय की. तिच्या घरातलं कुठं कोण गेलं?"

सखूकाकूने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी शेळीचं नाव घेतलं. "तिला घर म्हणत्यात का?" ती म्हणाली. "चल, हंडा उचल."

कार्तिक गेला. धुकं दाट व्हायला लागलं, इतकं की सकाळी ओळीचं दुसरं टोक दिसायचं नाही. चांदवडहून मामा येऊन आईला बघून गेला. आबा आणि तो बाहेर घोंगडीवर बसून बोलत होते, आणि पत्र्याच्या घरात बाहेरचं सगळं आत येतं. मामा म्हणाला, "दाजी, ती अशीच राहिली तर हातची जाईल. मी तिला घेऊन जातो. आमच्याकडं माणसात राहील." आबा म्हणाले, "मग परत कवा?" मामा घोंगडीच्या दशा ओढत राहिला. मग म्हणाला, "हितं परत यायला काय राहिलंय तिचं?" मी आत आईच्या पायाशी बसले होते. तिने ऐकलं होतं, मला माहीत होतं, पण तिच्या पाठीवरची एक सुरकुती हलली नाही. मला न्यायचं की नाही यावर ते दोघं काही बोललेच नाहीत. पुढच्या बाजारी मामा येणार असं ठरलं. आबांनी तिचं लुगडं आणि फणी एका फडक्यात बांधून खुंटीला लावून ठेवलं. ते गाठोडं मी येता-जाता बघायचे. मला रोज वाटायचं, आज नाही तर उद्या मीही स्वप्नातल्या वस्तीत राहायला जाणार, आणि सकाळी पिंपाजवळ कुणीतरी आबांना सांगणार, काल तुमची सुमी दिसली, बरी होती.

ते गाठोडं सखूकाकूने पाहिलं. ती कमरेवर हात ठेवून दारात उभी राहिली, आईच्या पाठीकडे बघत. तोंडातली मिसरी थुंकून आली. मग मला म्हणाली, "सुमे, जा. धुरपदाला बोलाव."

मी पळत गेले. धुरपदाआजी आली ती दारातच थांबली, उंबऱ्याबाहेर. तिला कुणाच्या घरात आत जायची सवय नव्हती. सखूकाकूने आमच्याच खोलीतली कढई काढून चुलीजवळ ठेवली होती. मामाच्या घरून आलेली, काळी, जड. आपल्या घरची तेलाची बाटलीही तिने आणली होती.

"धुरपदा, आत ये," सखूकाकू म्हणाली. "हे बघ, मागचं काय ते सोड. वस्तीत एक तुझंच घर बिनसुतकाचं हाय. कढई उचल आणि पारूच्या चुलीवर ठीव."

धुरपदाआजी आत आली, पण कढईला तिने हात लावला नाही. "मला नाय ठेवता यायची," ती म्हणाली.

"अगं, मी सांगते ना! आता तुला कोण बोल लावतंय बघते."

"तसं नाय, काकी. मलाबी सुतक हाय."

"तुला? तुला कुणाचं सुतक?"

"किसूचं."

पत्र्यावर काहीतरी टकटकलं तेवढंच. सखूकाकूने तेलाची बाटली चुलीपाशी टेकवली. "येडी का खुळी तू?" ती म्हणाली. "सुतक रक्ताचं असतं. भावकीचं. तुला कसं लागंल?"

"लागलं," धुरपदाआजी म्हणाली. "आता काय करू? रोज दुपारचं जेवण झालं की यायचा माझ्याकडं. शेंगा भाजून ठिवायची मी त्याला. त्या दिवशीच मी शेळ्या घेऊन वर गेले. पाला सपला होता म्हणून. त्याला संगं नेलं असतं तर वाचला असता, मी उंचावर होते. आता मी कुणाकडं जाऊ हे सांगायला? माझ्याकडं कोण भेटायला आलं? मीच माझं चार दिवस चूल पेटवली नाय. डोक्यावरून पाणी घेतलं. झालं. रोज सपनात येतो. उभा राहतो दारात. निळा सदरा घातलेला."

"हिरवा."

आम्ही सगळ्यांनी वळून पाहिलं. आई भिंतीकडेच तोंड करून होती. पण आवाज तिचाच होता, कितीतरी दिवस न वापरल्यामुळे खरखरीत झालेला.

"निळाच गं," धुरपदाआजी म्हणाली. "मी रोज बघते."

आई उठून बसली. केस विस्कटलेले, गालावर घोंगडीचे वळ. "मी शिवला का तुम्ही शिवलात? आक्काच्या चोळीचं कापड उरलं होतं त्याचा शिवला. हिरवा होता. गळ्याला पिवळी पट्टी."

"पिवळी पट्टी व्हती," धुरपदाआजी म्हणाली. "सदरा निळा व्हता."

"अगं माझी चोळी हिरवी होती!" सखूकाकू मध्ये पडली. "आता चोळीचाबी रंग तुम्ही सांगणार का मला?"

"पाण्याखाली हिरवं निळं दिसत आसंल," धुरपदाआजी हळूच म्हणाली.

आई तिच्याकडे सरकली. मग म्हणाली, "मावशी, मी बाजाराला गेले नसते तर..." आणि तिथे तिला हुंदका फुटला. इतके दिवस तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. धुरपदाआजी तिच्याशेजारी खाली बसली, पण तिला हात लावू की नको हे तिला कळेना, कारण तिने कुणाला जवळ घेतल्याला जन्म लोटला होता. तिने आईच्या घोंगडीचं टोक धरलं आणि तेच घट्ट धरून बसली. दोघी खूप रडल्या. सखूकाकू चुलीपाशी तोंड फिरवून उगाच राख ओढत होती. मी दाराला पाठ लावून उभी होते आणि मला भीती वाटत नव्हती, हे आठवतं.

रडून झाल्यावर आईने पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, "तुमच्याकडं कुणीच आलं नाय?"

"कोण येणार?"

"कढईबी नाय ठेवली कुणी?"

"कढईच नाय मला. वाहून गेली."

आई उठली. तिने चुलीजवळची आमची कढई उचलली आणि दाराबाहेर पडली. सखूकाकू ओरडली, "अगं पारू, कुठं चाललीस? तुझं सुतक हाय, तुला नाय ठेवता यायची!" आई थांबली नाही. धुक्यातून ती ओळीच्या टोकाकडे निघाली, एका हातात कढई, दुसऱ्या हाताने पत्र्याच्या भिंतीचा आधार घेत, आणि तिच्या बांगड्यांचा आवाज प्रत्येक खोलीवरून घासत गेला. एकेका दारातून बायका बाहेर आल्या. सखूकाकू तेलाची बाटली घेऊन मागून धावत होती, धाप लागली होती तिला. "रीत मोडतीया बाई ही," ती म्हणत होती, आणि त्याच दमात, "अगं, गूळ राहिला! सुमे, गूळ आण! आणि कणीक!"

धुरपदाआजीच्या आडोशात दोन माणसंही मावायची नाहीत, म्हणून चूल बाहेर मांडली. आईने कढई ठेवली. पहिली पुरी तेलात सोडली ती बुडाशी चिकटून काळी झाली, दुसरी फुगलीच नाही. "हात इसरला वाटतं पारूचा," सखूकाकू म्हणाली. "आक्का, गप बसा, नायतर तुम्ही तळा," आई म्हणाली. आणि आसपासच्या बायका हसल्या. मोठ्याने नाही, पदराआड, पण मला तो आवाज पत्र्यावरच्या कुठल्याही आवाजापेक्षा नवा वाटला. तिसरी पुरी फुगली. तेल आणि गूळ जळल्याचा तो वास धुक्यात पसरला, खाली उतरला, आणि शेतात गाळ उपसणारे पुरुष खोरी टाकून वर बघायला लागले असं आबा नंतर सांगायचे. आईने घास मोडला, फुंकला, आणि धुरपदाआजीच्या तोंडात घातला. ती म्हातारी कितीतरी वेळ तो चावतच राहिली. मग तिने परातीतली एक पुरी उचलली आणि आईच्या तोंडात घातली. आईने ती सगळी खाल्ली. मी बघत होते. सगळी.

"मग आता माझ्या चुलीवर कोण ठेवतंय?" सखूकाकू म्हणाली. कुणीतरी म्हणालं, "काकी, रीतीत बसंल का हे?" तर ती भडकली. "रीत कोण सांगतंय इतके वरीस? मीच ना? मग आता मीच सांगते. आपली आपण नाय ठेवायची, एवढं पाळलं म्हंजे झालं. धुरपदा, चल गं." आणि वस्तीत ज्या बाईच्या दारात अक्षता जात नसत, तिने त्या दिवशी सखूकाकूच्या चुलीवर कढई ठेवली. सखूकाकूने पुढच्या घरात. असं ओळीने. कुणाकडे गूळ नव्हता तर मिठाच्या केल्या, कुणाकडे कणीक नव्हती तर भिजवलेल्या डाळीचे वडे. सगळं काही त्या दिवसात नीट झालं नाही, तसं सांगितलं तर खोटं होईल. एक दोन घरं पुढे गाव सोडून गेलीच. बांधावरचा तो तांब्या कुणी घेतला नाही. आणि आई पुढेही कितीदा भिंतीकडे तोंड करून निजायची. पण रोज सकाळी तिला उठावं लागायचं, तोंड धुवावं लागायचं आणि धुरपदाआजीच्या आडोशापर्यंत चालत जावं लागायचं. तेवढं चालणं तिला पुरलं.

बाजाराच्या दिवशी मामा आला. चांदवडहून येताना कांद्याचं पोतं घेऊन, कारण बहिणीला न्यायला आलेला भाऊ रिकाम्या हाताने कसा येणार? आई दारात बाजरी पाखडत होती. मामा तिच्याकडे बघतच उभा राहिला. "ताई, आवरलंस ना? गाडी खाली उभी हाय," तो म्हणाला.

"मला नाय यायचं," आई म्हणाली.

"आता काय झालं? सगळं ठरलंय."

"मी कढई ठेवलीया."

"कुणाच्या चुलीवर?"

"धुरपदामावशीच्या."

मामाने आबांकडे पाहिलं. आबांनी मान हलवली, आणि खुंटीवरचं गाठोडं काढून सोडायला घेतलं. मामालाही ती रीत माहीत होती, त्याच्या गावातही तीच होती. कढई ठेवलेल्या बाईला वर्ष पुरं झाल्याशिवाय गाव सोडता येत नाही, यावर सख्ख्या भावालाही काही म्हणता येत नाही. त्याने चहा घेतला, माझ्या डोक्यावर हात फिरवला, पोतं कोपऱ्यात लावलं. निघताना त्याचे डोळे भरले होते, पण तो हसत होता.

तो माळ उतरून अर्ध्या वाटेवर गेला असेल, तेवढ्यात आई सूप हातात घेऊन दाराबाहेर आली. किती महिन्यांनी तिचा खडा आवाज लागला होता, सगळ्या पत्र्यांतून घुमत गेला.

"अरे ए! कांदं मोजकंच आणलंस! पुढच्या खेपेला दोन पोती आण, हितं खाणारी माणसं लय हायेत!"